सिनॅप्टिक पॅकेज मॅनेजर: ‘पूर्ण काढा’ म्हणजे नेमकं किती?

मागच्या दिवाळीत भाचा आठ दिवस आमच्याकडं सांगलीला राहायला आलेला. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रोजेक्टसाठी पीएचपीत (वेबसाइटचा कोड लिहायची भाषा) कसलीतरी वेबसाइट करायची होती, ती चालवायला अपाचे नावाचा वेब सर्व्हर हवा, आणि त्याच्या लॅपटॉपची बॅटरी फुगलेली, म्हणून माझ्या डेस्कटॉपवर बसला. डेस्कटॉप तसा जुनाच, आठ जीबी रॅम, मागनं टाकलेली एसएसडी, वर लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी सिस्टिम. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मी झेंडूची फुलं आणायला बाहेर पडलो तर याचा फोन.

“मामा, अपाचे चालूच होईना. काढून परत टाकलं, तीनदा टाकलं, तरी तीच एरर.”

“आधी काय केलंस ते सांग.”

“काही नाही ओ. सेटिंग बिघडलं होतं म्हणून ईटीसीमधलं अपाचेचं फोल्डरच उडवलं. म्हटलं नवीन टाकल्यावर नवीन फोल्डर येईल की.”

आता यात त्याची चूक आहे असं मी म्हणणार नाही, कुणालाही असंच वाटेल. वस्तू बिघडली, टाकून दिली, नवी आणली, की सगळं नवं. पण लिनक्सवर असं होत नाही, आणि का होत नाही हे त्याला फोनवर झेंडूच्या ढिगासमोर उभं राहून समजवायचं म्हणजे कठीण, म्हणून म्हटलं हात लावू नको, मी येतो. आल्यावर सिनॅप्टिक उघडलं, दहा मिनिटांत अपाचे उठलं, आणि तेव्हाच ठरवलं की या सिनॅप्टिकवर एकदा नीट लिहायचं. दिवाळी गेली, संक्रांत गेली, आज लिहितोय.

तर सिनॅप्टिक म्हणजे काय, तर डेबियन, उबुंटू, मिंट या लिनक्स घराण्यातल्या सिस्टिमवर सॉफ्टवेअर (त्याच्या तयार गठ्ठ्याला इथं पॅकेज म्हणतात) टाकायचं-काढायचं जे यंत्र आहे ना, आप्ट नावाचं, त्याच्यावर बसवलेली खिडकी. खरं काम खाली आप्ट करतं, त्याच्याही खाली डीपीकेजी करतं, सिनॅप्टिक फक्त तुम्हाला ते डोळ्यांनी दाखवतं आणि माऊसनं करू देतं. फुकट आहे. मिंटमध्ये आधीच असतं, उबुंटूत पूर्वी असायचं, २०११ च्या ११.१० पासून त्यांनी ते सोबत द्यायचं बंद केलं, पण हवं तर टाकता येतं. मूळ ब्राझीलच्या कोनेक्टिव्हा कंपनीत अल्फ्रेडो कोजिमा यांनी सुरू केलं, तेच ते विंडो मेकरवाले (लिनक्सवर खिडक्या सांभाळणारा प्रोग्राम), आणि गंमत म्हणजे कोनेक्टिव्हा आरपीएम या दुसऱ्याच पॅकेज पद्धतीवाली, डेबियनवाली नव्हेच. पुढं मायकेल फोग्ट यांनी ते सांभाळलं. वीस वर्षं उलटून गेली तरी मी वापरलेली आवृत्ती अजून ०.९ च्या घरातच, १.० म्हणायचं धाडस कुणी करत नाही बहुतेक. दिसायला तर विचारूच नका. सहकारी बँकेच्या काउंटरवर २००५ साली जो स्क्रीन दिसायचा तसा दिसतो. डावीकडं यादी, उजवीकडं वरती हजारो पॅकेजेस, खाली वर्णन. ॲपचे आयकॉन नाहीत, स्टार नाहीत.

पण काम. कामाला मी याला तोड बघितली नाही अजून.

याची पद्धत अशी की तुम्ही क्लिक केलं म्हणून लगेच काही होत नाही. आधी खूण करायची. पॅकेजच्या नावाच्या आधी छोटा चौकोन असतो, हिरवा असला की मशीनवर आहे, पांढरा असला की नाही, लाल दिसला की मोडलेलं आहे. त्यावर राइट क्लिक मारलं की चार-पाच पर्याय येतात: इन्स्टॉलेशन, रीइन्स्टॉलेशन, अपग्रेड, रिमूव्हल आणि कम्प्लीट रिमूव्हल. हव्या तेवढ्या पॅकेजना खुणा करत जायचं, वाण्याकडं यादी द्यावी तशी, आणि शेवटी ॲप्लाय दाबायचं. ॲप्लाय दाबल्यावरही लगेच सुरू नाही होत, एक सारांश येतो की बाबा रे एवढी काढणार, एवढी टाकणार, एवढं डाउनलोड आहे, डिस्कवर एवढी जागा मोकळी होईल, करू का? मी हा सारांश दरवेळी वाचतो. खोटं कशाला बोलू, पहिली दोन वर्षं नव्हतो वाचत, त्याची फळं भोगली मग वाचायला लागलो.

आता मुद्द्याचं, रिमूव्हल आणि कम्प्लीट रिमूव्हल यातला फरक. साधं रिमूव्हल म्हणजे प्रोग्राम जातो पण त्याच्या सिस्टिममधल्या सेटिंगच्या फाइल्स, म्हणजे बहुतेक करून ईटीसी फोल्डरमधल्या, त्या तशाच राहतात. भाडेकरू गेला पण भिंतीवरचे खिळे तसेच. उद्या परत आलाच तर त्याच खिळ्यांना फोटो लावेल, असा विचार आहे त्यामागं, आणि सर्व्हर चालवणाऱ्यांना तो सोयीचाच पडतो. कम्प्लीट रिमूव्हल म्हणजे खिळेसुद्धा उपसून नेणं. टर्मिनलवाले, म्हणजे माऊसऐवजी कमांड टाइप करणारे, याला पर्ज म्हणतात, सुडो (म्हणजे ॲडमिनच्या हक्कानं) आप्ट पर्ज आणि पुढं पॅकेजचं नाव, बस. (कमांड इथं देवनागरीत लिहितोय, टाइप करताना अर्थातच इंग्रजीत करा, मागं एकानं खरंच मराठीत टाकून बघितलं होतं.)

भाच्यानं केलं होतं साधं रिमूव्ह. आणि इथंच डीपीकेजीचा एक स्वभाव आड आला जो भल्याभल्यांना माहीत नसतो. सेटिंगची फाइल तुम्ही स्वतःच्या हातानं डिलीट केली असेल तर डीपीकेजी असं धरतं की मालकानं विचार करून काढली असणार, मग आपण कशाला परत आणायची? मालकाच्या शब्दाचा मान. त्यामुळं साधं रिमूव्ह करून परत टाका, नाहीतर रीइन्स्टॉल करा, तीनदा करा नाहीतर तीस वेळा करा, ती फाइल येणार नाही, आणि अपाचे आपलं ओरडत बसणार की अपाचे-टू डॉट कॉन्फ सापडत नाही. उपाय एकच, म्हणजे सोपा उपाय एकच: कम्प्लीट रिमूव्हल करायचं, म्हणजे डीपीकेजीची त्या फाइलबद्दलची आठवणच पुसली जाते, आणि मग पहिल्यांदाच आल्यासारखं टाकायचं. मी अपाचेला आणि त्याच्यासोबतच्या पीएचपी मोड्यूलच्या पॅकेजलाही कम्प्लीट रिमूव्हलची खूण केली कारण त्या मोड्यूलच्याही फाइल्स त्याच फोल्डरमध्ये होत्या, ॲप्लाय, मग दोन्हीला इन्स्टॉलेशनची खूण, ॲप्लाय. फोल्डर आला, पान उघडलं. त्यानं लिहिलेला कोड व्हारमधल्या डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू फोल्डरात होता, त्याला धक्काही लागला नाही. भाचा म्हणाला एवढंच होतं होय. हो बाबा, एवढंच होतं.

मग उत्साहाच्या भरात म्हणाला आता मायएसक्यूएलपण असंच फ्रेश करू. थांबवला. कारण डेटाबेसच्या पॅकेजला कम्प्लीट रिमूव्हल मारलं की मध्येच एक प्रश्न येतो, सगळे डेटाबेसही काढून टाकू का म्हणून, आणि इथं घाईघाईत हो म्हटलं की महिनाभराच्या एंट्र्या गेल्या. प्रश्न विचारतं ही चांगलीच गोष्ट, पण आपल्याकडं नेक्स्ट नेक्स्ट फिनिशची सवय लागलेली असते ना सगळ्यांना. आधी बॅकअप घे, मग काय घालायचा तो गोंधळ घाल, असं सांगितलं.

याच्याशीच जोडलेली एक सोय, जी मला सिनॅप्टिकमधली सगळ्यात आवडती. डावीकडं खाली स्टेटस नावाचं बटण आहे, ते दाबलं की यादी बदलते आणि त्यात एक ओळ दिसते, नॉट इन्स्टॉल्ड आणि पुढं कंसात रेसिड्युअल कॉन्फिग. म्हणजे निघून गेलेले भाडेकरू ज्यांचे खिळे अजून भिंतीत आहेत. ती ओळ दिसतच नसेल तर तुमचं मशीन स्वच्छ आहे असं समजा. माझ्याकडं पहिल्यांदा बघितलं तेव्हा यादी संपेचना. कितीतरी जुने कर्नल (सिस्टिमचा गाभा), चार वर्षांपूर्वी एका संध्याकाळी टाकून बघितलेले व्हिडिओ एडिटर, ब्लूटूथचं काहीतरी, एक स्कॅनरचं जो स्कॅनरच आता घरात नाही. सगळी निवडली, कम्प्लीट रिमूव्हल, ॲप्लाय. जागा किती मोकळी झाली म्हणाल तर जवळपास काहीच नाही, सेटिंगच्या फाइल्स असतात किती मोठ्या, पण मनाला बरं वाटतं, माळा आवरल्यासारखं. टर्मिनलमध्ये हेच बघायचं तर डीपीकेजीच्या यादीत ओळीच्या सुरुवातीला आरसी अशी अक्षरं शोधावी लागतात, आर म्हणजे काढलंय आणि सी म्हणजे कॉन्फिग शिल्लक. सिनॅप्टिकमध्ये एका क्लिकवर दिसतं.

तर एवढं कौतुक झालं, आता कम्प्लीट हा शब्द कुठं फसवतो ते. ही गोष्ट अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. ग्रामसेवक म्हणून रिटायर झाले, आता गावाच्या आठवणी लिहितायत लिब्रेऑफिस रायटरमध्ये, इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर, माझ्यापेक्षा जलद. एक दिवस रायटर उघडायचं आणि लगेच बंद व्हायचं. उघडायचं, बंद. मी म्हटलं काढून परत टाकतो. सिनॅप्टिकमध्ये लिब्रेऑफिस शोधलं, पहिलंच दिसलं त्याला रीइन्स्टॉलेशनची खूण केली, ॲप्लाय, आणि दोन सेकंदात झालं. दोन सेकंदात! तेव्हा शंका यायला पाहिजे होती. लिब्रेऑफिस नावाचं जे पॅकेज असतं ते नुसतं पाकीट आहे, मेटा पॅकेज म्हणतात त्याला, आत काही नसतं, फक्त रायटर, कॅल्क, इम्प्रेस वगैरे बाकीची पॅकेजेस आण अशी चिठ्ठी असते. मी चिठ्ठी फाडून नवी चिठ्ठी ठेवली होती. खरा माल कोअर, कॉमन, रायटर अशा वेगवेगळ्या पॅकेजमध्ये.

मग ती सगळी निवडून रीइन्स्टॉल केली, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, बराच वेळ गेला. तरी तेच. मग कम्प्लीट रिमूव्हल करून सगळं नवीन टाकलं. तरी तेच! अण्णा मागं खुर्चीत बसून बघतायत, काही बोलत नाहीत, ते न बोलणंच जड.

झालं होतं असं की बिघाड प्रोग्राममध्ये नव्हताच, अण्णांच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये होता, आणि ती सेटिंग राहते होम फोल्डरमध्ये, डॉट कॉन्फिग नावाच्या लपलेल्या फोल्डरात, तिथं लिब्रेऑफिस, त्यात ४, त्यात यूझर. (तो ४ म्हणजे आवृत्ती ४ च्या काळचा, पुढं कितीही आवृत्त्या आल्या तरी फोल्डर तोच.) आणि सिनॅप्टिक असो, आप्ट असो, पर्ज असो, होम फोल्डरला कुणीही हात लावत नाही. मुद्दामच लावत नाही. सिस्टिम एका जागी, माणसाचं घर एका जागी, आणि पॅकेज काढणाऱ्यानं माणसाच्या घरात शिरायचं नाही हा या लोकांचा पाळलेला नियम आहे. माझ्या मते बरोबरच आहे नियम, एकाच मशीनवर चार जणांची खाती असतील तर कुणाचं काय ठेवायचं काय काढायचं हे पॅकेजनं कसं ठरवायचं? पण मग बटणावर कम्प्लीट लिहू नका ना राव. निदान खाली एक ओळ टाका की घरातल्या फाइल्स तशाच राहतील.

बरं मी तो यूझर फोल्डर डिलीट नाही केला हे माझं नशीब, नाव बदलून यूझर-जुना केलं. रायटर उघडलं, टकाटक. मी खुश. अण्णांनी टाइप करायला सुरुवात केली आणि थांबले. “अरे ग्रापं लिहिलं की ग्रामपंचायत व्हायचं. होत नाही.” त्यांनी ऑटोकरेक्टमध्ये पाच-सहा वर्षांत स्वतःचा एक शॉर्टहँडच उभा केला होता, जिप म्हटलं की जिल्हा परिषद, पंस म्हटलं की पंचायत समिती, गावातल्या माणसांची नावं सुद्धा दोन-दोन अक्षरांत. ते सगळं त्या जुन्या फोल्डरात. शोधलं तर आत ऑटोकॉर असा एक फोल्डर सापडला, त्यात शेवटी एमआर-आयएन असलेली फाइल, म्हणजे मराठी, भारत. ती उचलून नव्या फोल्डरात टाकली, रायटर बंद करून उघडलं, अण्णांनी ग्रापं लिहून स्पेस मारला, ग्रामपंचायत आलं. चहा मिळाला मग.

तेव्हापासून माझा क्रम ठरलाय. आधी होम फोल्डरमधल्या सेटिंगचं नाव बदलून बघायचं, त्यानं झालं तर सिनॅप्टिकला त्रासच द्यायचा नाही. लिब्रेऑफिसपुरतं तर त्यांच्याच हेल्प मेन्यूत सेफ मोड आहे, मला तेव्हा माहीत नव्हता. दुसऱ्या खात्यातून लॉगिन करून तोच प्रोग्राम उघडून बघणं हा तर सगळ्यात स्वस्त उपाय, तिथं चालला तर दोष तुमच्या घरात. तिथंही नाही चालला तर मग रीइन्स्टॉल, नाहीतर कम्प्लीट रिमूव्हल.

मग रीइन्स्टॉलेशनचा उपयोग कधी, तर प्रोग्रामची स्वतःचीच फाइल गेली किंवा खराब झाली तेव्हा. लाईट गेली, डिस्कवर लिहिता लिहिता मशीन बंद पडलं, किंवा कुणीतरी सुडो लावून नको तिथं डिलीट मारलं. कुठली फाइल खराब आहे हे शोधायला डेबसम्स नावाचं एक छोटं पॅकेज आहे, ते प्रत्येक फाइलचा ठसा पॅकेजच्या मूळ ठशाशी ताडून बघतं आणि बदललेल्यांची यादी देतं, मग ज्या पॅकेजच्या फाइल्स असतील तेवढंच सिनॅप्टिकमध्ये रीइन्स्टॉल करायचं. कुठली फाइल कुणाची हे बघायलाही सिनॅप्टिक बरं, पॅकेजवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, त्यात इन्स्टॉल्ड फाइल्स असा टॅब. विंडोजवर असं एका जागी बघायला मला कधी मिळालं नाही, तिथं प्रत्येक प्रोग्राम स्वतःचा अनइन्स्टॉलर घेऊन येतो, तो जेवढं काढेल तेवढं काढेल, बाकी रजिस्ट्रीत आणि ॲप डेटामध्ये पडून, मग रेव्होसारखी तिसरीच सॉफ्टवेअर आणून उरलंसुरलं हुडकायचं. अंदाजानं हुडकतात ती. इथं अंदाज नाही, पॅकेजनं काय काय आणलं याची नोंदच असते.

आता धोक्याची जागा. एखाद्या पॅकेजला काढायची खूण केली की कधी कधी एक खिडकी येते, मार्क ॲडिशनल रिक्वायर्ड चेंजेस, म्हणजे हे काढायचं तर याच्यावर अवलंबून असलेली हीही काढावी लागतील. ती यादी वाचा. हात जोडून सांगतो वाचा. यादीत डेस्कटॉप, सिनॅमन (मिंटचा डेस्कटॉप), मेटा असं काही नाव दिसलं की कॅन्सल मारा आणि विचार करा. २०२१ मध्ये लायनस टेक टिप्स या यूट्यूब चॅनेलवाल्या लायनसनं पॉप ओएस या लिनक्सवर स्टीम हे गेमचं ॲप टाकताना काय केलं ते आठवत असेल बऱ्याच जणांना, टर्मिनलनं इशारा दिला, पुढं जायचं तर अख्खं वाक्य टाइप करा म्हटलं, यस डू ॲज आय से, यानं केलं टाइप, आणि डेस्कटॉपच गायब झाला, काळी स्क्रीन. पॅकेजमधला घोळ होता हे खरं, आणि नंतर आप्टमध्येच तो रस्ता अवघड करून ठेवला, पण समोर यादी होती आणि ती वाचली गेली नाही हेही खरंच. सिनॅप्टिकमध्ये निदान ती यादी टर्मिनलच्या धबधब्यात वाहून जात नाही, थांबून राहते, वर-खाली सरकवून बघता येते.

तसंच ऑटो रिमूव्हेबलचं. तुम्ही एक प्रोग्राम टाकला की त्याच्यासोबत दहा पॅकेजेस वऱ्हाडासारखी येतात, प्रोग्राम काढला की वऱ्हाड तिथंच. सिनॅप्टिक ती आपोआप काढत नाही, स्टेटसमध्ये ऑटो रिमूव्हेबल अशी वेगळी यादी करून ठेवतं. मला हे पटतं. पण मेटा पॅकेज उडवलं असेल तर त्याच्या मागची कामाची पॅकेजेसही याच यादीत येऊन बसतात, पाहुणे म्हणून आलेली, यजमान गेला म्हणून. डोळे झाकून सगळी निवडून काढली तर रविवार गेला तुमचा. मी कुठलीही मोठी साफसफाई करायच्या आधी टाइमशिफ्टचा स्नॅपशॉट, म्हणजे सिस्टिमची त्या क्षणाची प्रत, घेतो, मिंटमध्ये आहेच ते. फक्त लक्षात ठेवा, तेही नेहमीच्या सेटिंगमध्ये होम फोल्डर घेत नाही, तुमच्या फाइल्सचा बॅकअप वेगळा.

तक्रारी भरपूर आहेत. पहिली म्हणजे फ्लॅटपॅक आणि स्नॅप, म्हणजे आप्टच्या बाहेरून ॲप टाकायच्या दोन पद्धती, याला दिसतच नाहीत. मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधून तुम्ही एखादं ॲप फ्लॅटपॅक म्हणून टाकलं असेल आणि ते सिनॅप्टिकमध्ये शोधत बसलात तर शोधत बसाल, ते सॉफ्टवेअर मॅनेजरमधूनच काढा, आणि त्याचा डेटा होममधल्या डॉट व्हारमध्ये राहिला का तेही बघा. उबुंटूवर तर आणखी मजा, तिथं २२.०४ मध्ये फायरफॉक्स स्नॅप म्हणून येतं आणि सिनॅप्टिकमध्ये फायरफॉक्स म्हणून जे दिसतं ते नावापुरतं पॅकेज, आत ब्राउझर नाही. मिंटनं २०२० पासून स्नॅप अडवून ठेवलंय आणि फायरफॉक्स साधं पॅकेज म्हणून दिलंय, त्यामुळं मिंटवर सिनॅप्टिक जास्त कामाचं.

दुसरी, अनडू नाही. फाइल मेन्यूत हिस्टरी आहे, कुठल्या तारखेला काय काढलं काय टाकलं सगळं लिहिलेलं, पण परत फिरवायचं बटण नाही, बघून बघून हातानं टाकायचं. तिसरी, अपडेट मॅनेजर मागं चालू असला की सिनॅप्टिक कुलूप मिळत नाही म्हणून अडून बसतं. यावर नेटवर जिथं तिथं सल्ला दिसतो की लॉकची फाइल डिलीट करा. करू नका हो. दुसरं कोणीतरी खरंच काम करत असतं, दोन मिनिटं थांबा, चहा घ्या. आणि काम चालू असताना लाईट गेलीच, आमच्याकडं पावसाळ्यात जातेच, तर पुढच्या वेळी डीपीकेजी अर्धवट राहिलं अशी एरर येते, त्यातच उपाय लिहिलेला असतो, सुडो डीपीकेजी डॅश डॅश कॉन्फिगर डॅश ए, तो टर्मिनलमध्ये मारायचा, आणि सिनॅप्टिकच्या एडिट मेन्यूत फिक्स ब्रोकन पॅकेजेस आहे तेही मारायचं. बहुतेक वेळा सुटतं. तरी यूपीएस घ्या.

चौथी, नवख्या माणसाला यातलं काही कळत नाही. शोधमध्ये व्हिडिओ टाकलं की शेकडो पॅकेजेस येतात, त्यातली निम्मी लिब नावानं सुरू होणारी. अण्णांना मी सिनॅप्टिक दाखवलेलंच नाही आणि दाखवणारही नाही, त्यांना सॉफ्टवेअर मॅनेजर पुरे. पण तिथंही एक आहे, तिथलं रिमूव्ह बटण दाबताना खिळे ठेवायचे की उपसायचे हे निवडता येत नाही. माझ्यासारख्या मधल्या लोकांसाठी आहे सिनॅप्टिक, ज्यांना टर्मिनलची भीती नाही पण प्रेमही नाही.

दोन गोष्टी मात्र अशा आहेत की त्यासाठी सगळं माफ. एक म्हणजे सेव्ह मार्किंग्ज. खाली फुल स्टेटची टिक मारून सेव्ह केलं की मशीनवर काय काय टाकलंय त्याची यादी एका फाइलमध्ये येते. नवी एसएसडी टाकली तेव्हा नवीन मिंट टाकून, तीच आवृत्ती बरं का, ती फाइल रीड मार्किंग्जमधून दिली, ॲप्लाय दाबलं आणि जेवायला बसलो. बाहेरच्या रिपॉझिटरीतून (नेटवरच्या पॅकेजच्या कोठारातून) टाकलेली दोन-तीन सोडली तर सगळं आलं, ती मला आधीच माहीत होती कारण स्टेटसमध्ये लोकल ऑर ऑब्सोलीट अशी एक यादी असते तिथं बाहेरून हातानं आणलेली डेब पॅकेजेस सापडतात.

दुसरी म्हणजे जनरेट पॅकेज डाउनलोड स्क्रिप्ट. गावाकडं चुलतभावाच्या दुकानात मिंटचा पीसी आहे आणि नेट म्हणजे मोबाइलला एक काडी. तिथं सिनॅप्टिकमध्ये हवं त्याला खुणा करायच्या, फाइल मेन्यूतून ही स्क्रिप्ट पेनड्राइव्हवर काढायची, सांगलीत येऊन माझ्या मशीनवर चालवायची, सगळी पॅकेजेस डाउनलोड होतात, पुढच्या खेपेला पेनड्राइव्ह नेऊन ॲड डाउनलोडेड पॅकेजेस म्हणायचं. मागच्या महिन्यात प्रिंटरचं काम असंच केलं. स्क्रिप्ट काढली आणि सांगलीत आणली यात चार दिवस गेले तर मध्ये एका पॅकेजची आवृत्ती बदलली होती आणि तेवढं डाउनलोड झालं नाही, म्हणून शिळी करू नका स्क्रिप्ट, त्याच दिवशी चालवा.

पाचापैकी चार देईन. एक कापला तो त्या कम्प्लीट शब्दासाठी, अण्णांच्या खुर्चीसमोर जो दीड तास गेला त्याचा.

भाच्याचा प्रोजेक्ट झाला सबमिट. परवा फोन आला होता, लॅपटॉपची बॅटरी बदलली, त्यावर मिंट टाकलंय म्हणाला, आणि एक अडलंय.

“मामा, कम्प्लीट रिमूव्हल केलं तरी सेटिंग जुनंच येतंय.”

म्हटलं होम फोल्डर उघड, कंट्रोल एच दाब, लपलेले फोल्डर दिसतील. आणि काही डिलीट करू नको, नाव बदल फक्त.